मंदावहिनींचा उजवा डोळा

सोसायटीच्या गेटाशी सातवीण फुलली आहे. दिवेलागणीला खिडकी उघडली की तो वास न विचारता घरात शिरतो. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या आम्हा लोकांना या झाडाचं फारसं कौतुक नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेन 'माथुं दुखे छे' म्हणत नाकाला ओढणी लावतात. आमचे हे वास आला की खिडकी बंद करतात, मग घामाघूम होतात, मग पुन्हा खिडकी उघडतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते झाड तोडायचा विषय दरवर्षी निघतो आणि मी दरवर्षी तोडायच्या बाजूनं हात वर करते. कुणी कारण विचारलंच तर डोकं दुखतं म्हणून सांगते. माझं डोकं दुखत नाही. मला त्या वासाची लाज वाटते.

मागच्या मीटिंगमध्ये हात वर झाले तेव्हा मंदावहिनी उठून उभ्या राहिल्या. मंदावहिनी म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या. दारं इतकी समोरासमोर, की एकीनं कुकर लावला तर शिट्ट्या दुसरीनं मोजायच्या. त्या मालवणच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, नवरा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या.

"झाड राहू दे," त्या म्हणाल्या. "माका गेट कळता त्या वासान. हल्ली रिक्षावाले कुठे पण सोडतात."

सगळे हसले. झाड राहिलं. माझा हात वरच राहिला होता, तो यांनी कोपराला धरून खाली घेतला.

उजव्या डोळ्यानं वहिनींना आमचं गेट दिसत नाही. तिथं काहीतरी काळं उभं आहे एवढंच कळतं. त्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्या मुलानं केलं होतं, शिकत असताना, याच वासाच्या दिवसांत.

सुजय तेव्हा डोळ्यांचा डॉक्टर होऊन पुढचं शिकत होता. डोळ्याच्या पुढे जी स्वच्छ काच असते, जिला आपण ढोबळपणे बुबुळ म्हणतो, तिचं रोपण करायला. अंधेरीच्या एका मोठ्या धर्मादाय इस्पितळात तो लागला आणि आमच्या घरातल्या बोलण्यात मेलेल्या माणसांचे डोळे आले. सुरुवातीला मी 'शी' म्हणायची. मग सवय झाली. कुणाच्या तरी घरी माणूस जातो, रडारड चालू असताना कुणीतरी जाणतं म्हणतं की डोळे देऊया, आणि ते डोळे बर्फाच्या डब्यातून अंधेरीला येतात. सुजय हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा. मी टेलिफोन खात्यात जन्म घालवला आहे, आवाजातला बदल मला लगेच कळतो. देवळात शिरताना माणूस चप्पल काढतो तसा तो तेव्हा आवाज उतरवायचा.

सरावाला मात्र बकऱ्याचे डोळे. रविवारी सकाळी खाटकाकडून आणायचे आणि सोमवारी इस्पितळात न्यायचे. मधला सगळा वेळ ते कुठं राहणार, तर माझ्या फ्रीजमध्ये. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. एकदा ह्यांनी तो डबा चमचा घेऊन उघडला, त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस कुणी श्रीखंडाचं नाव काढलं नाही. पण त्या वर्षी नवरात्र आलं. माझ्याकडे घट बसतात. घटासमोर अखंड दिवा आणि आत फ्रीजमध्ये बकऱ्याचे डोळे, हे काही मला पटेना. सुजय म्हणाला, सराव थांबवता येणार नाही. आमची दारात उभं राहून बाचाबाची चालली होती, तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"हाड रे तो डबो हय," वहिनी हात पुढे करून म्हणाल्या. "माझ्या फ्रीजात बोंबील आसत. ते काय त्यांका लाजणार नाय."

मग नवरात्रात आणि त्यानंतरही ते डोळे वहिनींच्याच फ्रीजमध्ये राहिले. सुजय सोमवारी सकाळी डबा न्यायला गेला की त्या विचारायच्या, काय रे, जमता काय. तो म्हणायचा, काकी, टाका आता बरा पडतो. त्या म्हणायच्या, पडेल पडेल, माझ्या चुलीवरचो पहिलो घावनो पण तव्याक चिकटलेलो.

वहिनींच्या स्वतःच्या डोळ्यांचं दुखणं तोवर सुरू झालं होतं. सकाळी उठलं की दोन्ही डोळ्यांपुढे धुकं. दुपारपर्यंत ते विरायचं. उजव्यात जास्त, डाव्यात कमी. त्यांनी आपला दिवसच फिरवून घेतला होता. मासे साफ करायचे ते दुपारी, सुईत दोरा ओवायचा तो दुपारी. दिवाळीत खालच्या लॉबीत ठिपक्यांची रांगोळी त्याच काढायच्या, लग्न होऊन या बिल्डिंगीत आल्यापासून. ती पहाटे काढायची सोडून आदल्या दिवशी चार वाजता काढायला लागल्या आणि वॉचमनला राखणीला बसवलं. आम्हाला वाटलं, वयानं उठवत नसेल.

सुजयनं बघितलं आणि नेमकं ओळखलं. काचेच्या आतल्या बाजूला एक पापुद्रा असतो, तो पाणी उपसायचं काम करतो. वहिनींचा तो थकला होता. रात्रभर डोळा मिटलेला असला की पाणी साचतं, म्हणून सकाळी धुकं. उपाय एकच, दान मिळालेल्या डोळ्याचा पापुद्रा काढून तिथं बसवायचा. तो माझ्या स्वयंपाकघरात वहिनींना हे समजावत होता आणि मी सुरळीच्या वड्या करत होते. त्यानं ताटलीतली एक वडी उचलली. म्हणाला, तो पापुद्रा अस्साच गुंडाळला जातो, काकी. डोळ्याच्या आत नेऊन तो उलगडायचा आणि खाली हवेचा बुडबुडा सोडून वर चिकटवायचा. त्यात सुलटी बाजू कुठली नि उलटी कुठली हेच ओळखणं कठीण. उलटा बसला की संपलं. वहिनींनी ती वडी त्याच्या हातातून घेतली आणि तोंडात टाकली.

"तूच कर," त्या म्हणाल्या. "घरचा डॉक्टर असताना परक्याकडे कशाला जायचं?"

"काकी, मोठे सर करतील. मी बाजूला असेन."

"सरांका मी ओळखत नाय. तुका ओळखतंय."

मी तिथं उभी होते. माझा चेहरा मला आतून दिसत होता. असा फुलला होता की बस. आपला तो बाळ्या. या बिल्डिंगीतला पहिला डॉक्टर, आणि समोरची बाई स्वतःचा डोळा त्याच्या हातात द्यायला निघालीय, याहून मोठं सर्टिफिकेट ते कोणतं? आपल्याकडे हे असंच आहे. रेशनपासून शाळेतल्या ॲडमिशनपर्यंत आत आपला माणूस असला की काम चोख होणार, यावर आमचा देवाइतका विश्वास. आपला माणूस त्या कामात मुरलेला आहे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तर तो अपमान होतो.

माझी आई म्हणायची, शिकणाऱ्या पोरीची पहिली पोळी पाहुण्याच्या ताटात वाढू नये, ती घरच्यांनी खावी. माझ्या पहिल्या पोळ्या माझ्या वडिलांनी खाल्ल्या, कच्च्या, करपलेल्या, सगळ्या, आणि वर लिंबाचं लोणचं मागून घेतलं. मला ही रीत फार मायेची वाटत आली आहे. त्या वर्षापासून मी तिच्याकडे निराळ्या नजरेनं बघते. वहिनी घरच्या होत्या, तेच त्यांच्या अंगाशी आलं.

पुढच्या वर्षीच्या नवरात्रात, मधल्याच एका दिवशी ऑपरेशन झालं. सुजय घरी आला तेव्हा ऊन उतरत होतं. खाली मैदानात गरब्याच्या मंडपवाल्यांची 'हॅलो, चेक, चेक' चालली होती. तो बूट न काढता बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. मी दाराशी उभी राहिले. पाण्याच्या आवाजातून तो बोलला. सरांनी ऐन वेळी त्याला म्हटलं होतं, आज तू कर, मी शेजारी आहे. पापुद्रा आत गेला आणि उलटा बसला. पुन्हा सुटा केला, पुन्हा उलगडला. जेवढा हाताळावा तेवढा तो मरतो, त्यातल्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. शेवटी सरांनी हातात घेतलं आणि बसवला.

"काकीला काय सांगितलं?" मी विचारलं.

"झालं म्हणून सांगितलं. चांगलं झालं म्हणून."

"आणि कुणी केलं, ते?"

नळ चालूच होता. त्यानं उत्तर दिलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही. त्या न विचारण्यात आम्ही दोघं कायमचे भागीदार झालो.

या ऑपरेशननंतर उताणं पडून राहायचं असतं. उशी नाही, कूस नाही. डोळ्यातला हवेचा बुडबुडा वर जातो आणि पापुद्र्याला खालून टेकू देतो, म्हणून तोंड आढ्याकडे. वहिनींची मुलगी कल्याणला, तिला लहान मूल. मग मीच जायची. झोपलेल्या माणसाला पेज भरवणं ही एक कलाच आहे. एक चमचा कानात, एक तोंडात असं आमचं चालायचं. वहिनी हसायच्या, मग घाबरून हसू आवरायच्या, बुडबुडा हलेल म्हणून. संध्याकाळ झाली की खिडकीतून सातविणीचा वास यायचा, त्यामागून गरब्याचा ढोल यायचा, आणि आम्ही दोघी आढ्याकडे बघत बसायचो.

"शैला," त्या एकदा म्हणाल्या, "माझ्या पंख्याक जळमटां लागलीत. उताणी पडलंय म्हणून कळला. तुझ्याकडे पण असणार, तू कधी वर बघतंस?"

मी म्हटलं, माझ्याकडे नाहीत. म्हणताना वाटलं, आत्ता सांगावं. चमचा वाटीत ठेवावा आणि सांगून टाकावं. त्यांचा चांगला डोळा माझ्याकडे वळला होता, दुसऱ्यावर पांढरी पट्टी. मी आणखी एक चमचा पुढे केला.

पापुद्रा सुटला. पुन्हा अंधेरीला नेऊन नव्यानं हवा भरली, तरी एक कड लोंबतच राहिली. दिवाळी आली तोवर डोळ्यातली काच तांदळाच्या धुवणासारखी झाली होती. वहिनींनी तरीही रांगोळी काढली. पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी, गुडघ्यावर बसून. एका डोळ्यानं अंतर कळत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ठिपके एका ओळीत पडेनात. कमळाची एक पाकळी जिन्याकडे पळाली आणि एक बंदच झाली नाही. बिल्डिंगीतली माणसं जाता-येता म्हणत होती, वा, काकी, झकास. मी लिफ्टमधून बाहेर आले, ते कमळ पाहिलं आणि पुन्हा लिफ्टमध्ये शिरले. त्या दिवाळीत मी कुणाकडे फराळाला गेले नाही.

पुढे काही महिन्यांनी सरांनी स्वतः दुसऱ्यांदा रोपण केलं. ते चिकटलं. पण तोवर डोळ्यानं फार सोसलं होतं, आतला दाब चढला होता, मागची नस दुखावली होती. समोर माणूस आहे हे दिसायचं, कोण आहे ते तो बोलल्यावर कळायचं.

"शिकताना होतं असं, आई," सुजय एकदा म्हणाला. तो जेवत होता. "सुरुवातीच्या केसेसमध्ये होतंच. सगळ्यांचं होतं."

"सगळ्यांचं म्हणजे डॉक्टरांचं की पेशंटांचं?"

त्यानं घास खाली ठेवला. मी हे बोलायला नको होतं, कारण लगेच माझ्या मनात आलं की याला जेवू दे. आई ही अशी असते. दुसऱ्याचा डोळा गेला आणि हिला पोराच्या घासाची पडलीय. मी त्याला भात वाढला. त्या भाताची मला आजही लाज वाटते.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत आहे. आज ज्यांच्या हातावर डोळे मिटून विसंबावं असे जे जे कुणी आहेत, त्यांनीही कुणावर तरी पहिला हात चालवलाच असणार. तो पहिला पेशंट कुठंतरी असतो. तो धारावीत असला किंवा धुळ्यात, तर आपण म्हणतो, इलाज नाही, विद्या अशीच पुढे जाते. तो समोरच्या दारात असला आणि रोज सकाळी दूध घेताना आपल्याला 'उठलीस काय गो' म्हणत असला, की विद्येचं गणित तोंडातून निघत नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं शाळेत घोकलं होतं. इथं घाव एकीनं सोसले आणि देवपण माझ्या पोराला आलं.

आणि ज्याचा डोळा होता त्याचं काय? त्या पहिल्या पापुद्र्याच्या मालकाचं? कोण असेल, बाई की बाप्या, ठाऊक नाही. त्याच्या घरच्यांना वाटत असेल, आपला माणूस अजून कुठंतरी बघतोय. कधी कधी दुपारी हात रिकामे असले की मला त्या घराचं चित्र दिसतं. भिंतीवर हार घातलेला फोटो, खाली बसलेली बायको, आणि पाहुण्यांना ती सांगतेय, ह्यांचे डोळे दिले आम्ही. त्या बाईला आजवर कुणी काही कळवलं नसेल, आणि कळवूही नये. पण मला ठाऊक आहे. मला ठाऊक असणं हेच मला जड जातं.

सुजय वहिनींना टाळायला लागला. त्या लिफ्टपाशी दिसल्या की हा जिन्यानं चढायचा, पाचवा मजला. मीही काही कमी नव्हते. भाजी आणायला जाताना आधी दाराच्या भिंगातून बघायची, बाहेर वहिनी नाहीत ना. बरं, टाळावं तरी किती? त्यांच्याकडचं सोलकढीचं पातेलं माझ्याकडे, माझी पुरणयंत्राची जाळी त्यांच्याकडे. त्या काही रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी पायावर डोकं ठेवून मोकळी झाले असते. त्या आपल्या भेटल्या की विचारायच्या, सुजू कसो आसा, हात बसलो काय त्याचो.

हात बसला. चांगलाच बसला. त्याचं शिक्षण पुरं झालं आणि सोसायटीनं प्रजासत्ताक दिनाच्या सत्यनारायणाला त्याचा सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ कुणाच्या हस्ते, तर बिल्डिंगीतल्या सर्वांत जुन्या रहिवासी म्हणून मंदावहिनींच्या. मी सेक्रेटरींना म्हटलं, दुसरं कुणी बघा ना. ते म्हणाले, का, त्यांच्यापेक्षा योग्य कोण? खरंच होतं ते. वहिनी शाल उघडून पुढे आल्या आणि त्यांना सुजयचा डावा खांदा सापडेना. त्या बाजूला त्यांचं अंतर चुकतं. शाल अर्धी हवेत राहिली. सुजय खाली वाकला, आणखी वाकला, अगदी त्यांच्या हाताखाली गेला, तेव्हा शाल पडली. लोकांना वाटलं, काय हे संस्कार. टाळ्या झाल्या. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन प्रसादाच्या द्रोणांमागे उभी होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सुजय मरोळजवळच्या इस्पितळात आहे. लांबून लांबून लोक येतात त्याच्याकडे, त्याची वेळ मिळत नाही म्हणून माझ्यापाशी वशिला लावतात. मेट्रोत मागाठाण्याला एक बाई माझ्या शेजारी बसली आणि गप्पांत कळलं की तिच्या दिराचा डोळा सुजयनं केलाय. 'देवाचा हात आहे हो,' ती म्हणाली. मी तिला तो माझा मुलगा आहे असं सांगितलं नाही. पूर्वी मी स्टेशन यायच्या आत सांगून टाकलं असतं.

परवा संध्याकाळी वहिनी आल्या. दार ढकलून आत आल्या, सवयीनं, आणि खुर्चीची पाठ हातानं शोधून बसल्या. सातविणीचा वास त्यांच्या मागोमाग आला. हे टीव्हीचा आवाज बारीक करून आतल्या खोलीत गेले.

"डावो पण गेलो गो," वहिनी म्हणाल्या.

"गेला म्हणजे?"

"सकाळचं धुकं आता दुपारी पण जात नाय. काल गॅस चालू ठेवून मी विझला म्हणून समजले. प्रिया म्हणते, कल्याणला चल, घर विकून टाकू." प्रिया म्हणजे त्यांची मुलगी. "मी गेलंय तर दोन दिवसांत मरान. माका माझ्या दाराची कडी अंधारात गावता, तिच्या दाराची गावणार नाय. सुजूक विचार, कधी करतलो."

या डोळ्यावरच त्यांचा सगळा संसार होता, गॅस, मासे, रिक्षा, सगळं. हा डोळा बिघडला तर पुढे काही नाही. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? हे पुन्हा आमच्या दारात नको. कुणीही करो, सुजय नको. पुन्हा काही झालं तर मी या जिन्यात कशी राहू? वहिनी आपल्या घराचं बोलत होत्या आणि मी माझ्या तोंडाचं बघत होते.

"मोठे सर आहेत ना अजून," मी म्हटलं. "दुसऱ्या वेळी त्यांनीच केलं होतं. त्यांच्याकडे जाऊया. सुजय सांगेल त्यांना."

वहिनी म्हणाल्या, "तुला वाटतं, मला ठाऊक नाय."

रिमोट घेऊन मी टीव्ही बंद केला.

"अगो, डोळा बधिर केलेला, कान नाय. तोंडावर हिरवं फडकं, मी खाली जागी. सर इंग्लिशमधून सांगत होते, हळू, थांब, असं. मग कुणी काय बोलेना. मग सुजू म्हणाला, सॉरी सर. शैला, तो सॉरी माझ्या ओळखीचा. आठ वर्षांचा होता, माझ्या खिडकीची काच फोडलेली बॉलनं, तेव्हा दारात येऊन अस्साच म्हणालेला. मी तिथंच समजले, काच गेली."

"वहिनी—"

"हलायचं नाय, बोलायचं नाय, सांगून ठेवलेलं त्यांनी. नायतर मी म्हटलं असतं त्याला, घाबरू नको. त्याचे हात कापत होते. माझ्या कपाळाक लागत होते."

इतकी वर्षं. मी पेज भरवत होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं. शाल धरून उभ्या होत्या तेव्हा ठाऊक होतं. आम्ही मायलेक लिफ्ट आणि जिना वाटून घेत होतो, दाराच्या भिंगातून बघत होतो, आणि ही बाई पलीकडे आपल्या दारात शांतपणे आम्हाला लपू देत होती.

मी सुजयला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. मी त्याला डाव्या डोळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "आई, सरांना सांगतो मी. काकीचं सर करतील. मी... माझ्याच्यानं नको." म्हणजे माझंच पोर. मी जे म्हटलं, तेच तो म्हणाला.

वहिनींनी हात पुढे केला. फोन त्यांच्या हातात द्यावा लागला, कारण त्यांचा हात फोनच्या बराच अलीकडे थांबला होता.

"सुजू," त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यार शिकलंस. आता तुका येता, लोक सांगतत. मग ता माझ्यासाठी नाय?"

वहिनी फोन कानाला लावून बसल्या होत्या, घाई नसल्यासारख्या. खाली मैदानात मंडपवाले स्पीकर तपासत होते. मग सुजय काहीतरी बोलला. मला शब्द ऐकू आले नाहीत, फक्त आवाज आला, आणि तो मी ओळखला. डोळे दान देणाऱ्यांविषयी बोलताना तो जसा उतरायचा, तसा.

"बरा," वहिनी म्हणाल्या. "सोमवारी येतंय. रडू नको मेल्या, पेशंट बसलेत ना तुझे बाहेर?"

फोन त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडलं. वहिनींनी ते ऐकायची वाट बघितली नाही. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या.

"ह्या वेळी उताणी पडायक मी तुझ्याकडे येतंय," त्या म्हणाल्या. "पेज तूच देणार, मग फेऱ्या कशाला. फक्त तुझ्या पंख्याची जळमटां काढून ठेव. मागच्या टायमाक नाय म्हणून खोटां सांगितलंस."

त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, म्हणून मी वर बघितलं. जळमटं होती.